मानशीवरची रात्र

रविवारी कापेलात, दोत्रीनच्या वर्गात
एव्हलिनच्या धाकट्याने हात वर केला:
"बाय, देव त्यांनाच का दिसायचा?
आमच्या जुव्यात का येत नाही?"

मी फळ्यावर यादी लिहीत होते.
पेटलेलं झुडूप. ढगाचा खांब.
घर सोडून पळालेल्याला
दगडाच्या उशीवर पडलेलं शिडीचं स्वप्न.
रानात हाकललेल्या दासीला सापडलेली विहीर.
(तिने तर देवालाच नाव ठेवलं,
मला पाहणारा, असं.
बाकी कुणाची हिंमत झाली नव्हती.)
खडू मोडला.
म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते.

गुरुवारी उधाणाची भरती, वर वादळ.
रुझार तियो मानशीचा राखणदार,
मुलगा कतारला, म्हणून टॉर्च धरायला मी.
तियोला अक्षर येत नाही,
पण अमावास्या किती दिवसांवर आहे
ते त्याच्या पोटऱ्यांना कळतं.

आधी वारा आला.
त्याने कापेलाची कौलं पत्त्यांसारखी पिसली.
मी मनात म्हटलं, हाच का?
तियो म्हणाला, "दार ओढ गो. वारा तो."

मग जमीन हादरली. नदीत नांगरलेल्या बार्जी
एकमेकींवर आदळत होत्या,
बांध पायाखाली तापातल्या पोरासारखा कापत होता.

मग वीज. इनासच्या माडावर.
पुस्तकातलं झुडूप पेटूनही जळत नव्हतं.
इनासचा माड मात्र शेंड्यापासून व्यवस्थित जळला,
आणि भरपाई कुणी द्यायची
हे पंचायतीत अजून ठरायचंय.

माझ्या पायात चपला नव्हत्या.
भूमी पवित्र म्हणून नव्हे,
चिखलात रुतल्या म्हणून.

आणि सगळं थांबलं.
तियोने टॉर्च विझवायला लावला.
बांधावर आडवा झाला, चिखलाला कान लावला,
दाई पोटाला लावते तसा.
"आयक."

काही नव्हतं.
मग होतं. इतकं बारीक
की त्याला आवाज म्हणावं की नाही,
कुणी झोपेत ओठ विलग करावेत
तेवढंच.

खेकड्याच्या बिळातून
खारं पाणी शेतात शिरत होतं.
साऱ्या वाड्याचं कोरगुटाचं भात
त्या बोटभर भोकाशी येऊन थांबलेलं.

त्याने खांद्यापर्यंत हात घातला.
चिखल, गवत, पुन्हा चिखल,
शेवटी अंगातला शर्ट.
ओहोटी लागेपर्यंत तो तसाच
भोकाला हात देऊन.
रात्रभर मला दिसली ती फक्त त्याची पाठ.
कपारीत लपवून ठेवलेल्या त्या म्हाताऱ्यालाही
तेवढंच दिसू दिलं होतं, असं लिहिलंय.
मला तेव्हा हे सुचलं नाही.
तेव्हा मला थंडी वाजत होती.

पहाटे त्याने करवंट्या पेटवल्या,
वर दोन शेवटे ठेवले, मीठही न लावता.
हाताला रक्त होतं, खेकड्याने चावलेलं.
म्हणाला, "ये, खा."
किनाऱ्यावर अशाच निखाऱ्यांशी
एकदा काही कोळी बसले होते,
तू कोण, असं विचारायला कुणी धजलं नव्हतं.
मीही नाही विचारलं.
काट्यासकट खाल्लं.

रविवारी एव्हलिनच्या धाकट्याचा हात
मी आत येण्याआधीच वर होता.
यादी फळ्यावर तशीच, कुणी पुसली नव्हती.
मी तिच्याखाली काही लिहिलं नाही.
वर्ग घेऊन बांधावर गेले,
म्हटलं, कान लावा.

तो बराच वेळ पालथा पडून राहिला.
पांढऱ्या शर्टाची पार वाट लागली.
"काय ऐकू येतंय?"
"खेकडा," तो म्हणाला.

"बरोबर," मी म्हटलं.
"उठू नकोस."